दोलनदर्शकाचा पडदा : केव्हा बदलावा, केव्हा बदलू नये

यंत्र जुने झाले म्हणजे त्याचा जो भाग डोळ्यांसमोर असतो तोच प्रथम डोळ्यांत खुपू लागतो. घड्याळाची तबकडी पिवळी पडली की घड्याळच निकामी झाल्यासारखे वाटते. रेडिओची काच धुरकटली की त्याचा आवाजही बिघडला असावा असा भास होतो. विद्युत्-शास्त्राच्या अभ्यासकाच्या मेजावरील दोलनदर्शकाची, म्हणजेच प्रयोगशाळेत ज्याला सर्रास ऑसिलोस्कोप म्हणतात त्या उपकरणाची, स्थितीही अशीच आहे. त्याचा काचेचा पडदा मंद झाला, त्यावर डाग पडले, की त्या जागी आजच्या पद्धतीचा सपाट, रंगीत, द्रवस्फटिकांचा पडदा बसवावा अशी इच्छा होते. असे पडदे आता स्वस्त व सुलभ झाले आहेत आणि हे काम घरच्या घरी करणारे हौशी लोक जगभर आहेत. प्रश्न असा की, हे करणे शहाणपणाचे आहे काय?

या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, असे माझे मत आहे. पडदा नवा की जुना याला महत्त्व नाही. तो त्या उपकरणात कोणते काम करतो याला महत्त्व आहे. काही दोलनदर्शकांत पडदा हा केवळ निरोप्या असतो. मोजमाप दुसरीकडेच झालेले असते आणि पडदा ते फक्त सांगतो. इतर काहींत पडदा हाच मोजणारा असतो. निरोप्या बदलला तर बिघडत नाही. मोजणारा बदलला तर उपकरणच नाहीसे होते. हा भेद ज्याला समजला त्याने अवश्य हात घालावा; ज्याला समजला नाही त्याने प्रथम तो समजून घ्यावा.

दोन प्रकारची उपकरणे

आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असते आणि ती सेकंदाला ५० आवर्तने करते. काटा असलेल्या साध्या मापकाने या विजेचा दाब मोजला तर आपल्याला एक आकडा मिळतो. त्या ५० आवर्तनांत दाब कसा चढतो, कसा उतरतो, मध्येच त्याला कोठे खाच पडते काय, हे तो काटा सांगू शकत नाही. दोलनदर्शक मात्र दाबाचा कालानुसार आलेखच काढून दाखवितो. विद्युत्-अभियंत्याला या उपकरणावाचून चालत नाही याचे कारण हेच होय.

या उपकरणाचा उगम १८९७ साली झाला. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फेर्डिनांट ब्राउन यांनी त्या वर्षी एका निर्वात काचनळीत ऋण किरणांचा बारीक झोत निर्माण करून तो एका अनुस्फुरक पडद्यावर पाडला आणि बदलत्या विद्युत् प्रवाहाच्या प्रभावाने तो झोत कसा हलतो ते दाखविले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जे. जे. टॉमसन यांनी ऋण किरण म्हणजे ऋण विद्युत् भार असलेल्या सूक्ष्म कणांचा प्रवाह होय हे सिद्ध केले. या कणांनाच आपण आज इलेक्ट्रॉन म्हणतो. इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान इतके अल्प असते की, जेथे धातूचा काटा जागचा हलण्यापूर्वीच घटना संपून जाते तेथे इलेक्ट्रॉनांचा झोत क्षणात वळतो.

जुन्या, म्हणजे अखंड पद्धतीच्या, दोलनदर्शकात हेच तत्त्व वापरलेले असते. नळीत धातूच्या पट्ट्यांच्या दोन जोड्या बसविलेल्या असतात. एका जोडीला दिलेला दाब झोताला डावीकडून उजवीकडे समान गतीने नेतो; ही काळाची गती. दुसऱ्या जोडीला, विवर्धकातून वाढविलेला, मोजावयाचा दाब दिलेला असतो. तो झोताला वर-खाली वळवितो. पडद्यावर बहुधा उभ्या दिशेने ८ व आडव्या दिशेने १० चौकोन आखलेले असतात. पाहणाऱ्याने चौकोन मोजावयाचे आणि त्यावरून दाब व काळ काढावयाचा. अमेरिकेत १९४६ साली हॉवर्ड व्हॉलम व जॅक मर्डॉक यांनी सहकाऱ्यांसह टेक्ट्रॉनिक्स ही संस्था स्थापन केली आणि १९४७ साली तिचा ५११ क्रमांकाचा दोलनदर्शक तयार झाला. प्रत्येक फेरी लाटेच्या ठरावीक बिंदूपासूनच सुरू होईल अशी योजना त्यात असल्याने चित्र पडद्यावर स्थिर राहू लागले आणि त्यावरून विश्वासाने मोजमाप करणे सोपे झाले.

अंकीय, म्हणजे डिजिटल, दोलनदर्शकाची रीत निराळी आहे. तो येणाऱ्या दाबाचे ठरावीक कालांतराने नमुने घेतो, प्रत्येक नमुन्याचे अंकात रूपांतर करतो, ते अंक स्मृतीत साठवितो आणि मग त्यांचे चित्र पडद्यावर काढतो. येथे मोजमाप पडद्याच्या आधीच पूर्ण झालेले असते. पडदा काढून घेतला तरी अंक स्मृतीत तसेच राहतात.

जेथे पडदाच मापक आहे

अखंड पद्धतीच्या दोलनदर्शकात काचनळी काढून तेथे सपाट पडदा बसविण्याचा विचार मनात आणू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. त्या उपकरणात पडद्याकडे पाठवावयाचे चित्र असे काही तयारच झालेले नसते. विवर्धकातून निघालेला दाब थेट पट्ट्यांवर जातो आणि झोत पडद्यावर आपटतो त्या क्षणीच चित्र जन्माला येते. सपाट पडद्याला चित्र द्यावयाचे झाल्यास मध्ये नमुने घेणारा, अंक करणारा, साठविणारा आणि चित्र काढणारा असे चार नवे विभाग घालावे लागतील. म्हणजे जुन्या पेटीत एक नवा अंकीय दोलनदर्शकच बसवावा लागेल. तो घरी बनविलेला असल्याने बाजारातील सामान्य उपकरणापेक्षाही बहुधा उणाच ठरेल.

शिवाय जे हातचे जाते तेही थोडे नसते. झोत दर सेकंदाला हजारो वेळा पडदा पार करतो. जेथून तो वारंवार जातो तेथे रेषा उजळ दिसते आणि जेथून क्वचित जातो तेथे फिकट. त्यामुळे दाबातील अस्थिरता डोळ्यांना आपोआप दिसते. सामान्य सपाट पडदा सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवितो. उजळ-फिकटपणाची ही भाषा त्याला मुद्दाम शिकवावी लागते. चांगल्या अंकीय उपकरणांत ती शिकविलेली असते हे खरे, परंतु घरगुती जोडणीत ती सहसा साधत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत हे मान्य केले पाहिजे. एकदाच घडून जाणारी घटना तिच्यावर क्षणभर फिकट चमकते व नाहीशी होते. अंकीय उपकरण ती धरून ठेवते. पण म्हणून जुन्याला नव्याचे सोंग देण्यात अर्थ नाही. जुने उपकरण जुने म्हणूनच जपावे. पडद्यावर एकच ठिपका प्रखर करून स्थिर ठेवू नये, कारण त्याने अनुस्फुरक द्रव्य जळते. प्रकाश गरजेपुरताच ठेवावा. या नळ्यांचे उत्पादन आता जवळजवळ थांबलेले असल्यामुळे जी नळी चालू आहे ती अधिक मोलाची आहे.

जेथे पडदा निरोप्या आहे

आता दुसरी बाजू पाहू. १९९० च्या दशकात असे अनेक अंकीय दोलनदर्शक तयार झाले की ज्यांत मोजमाप अंकीय होते, परंतु पडदा मात्र काचनळीचाच होता. कारण त्या काळी चांगले सपाट पडदे फार महाग होते. या उपकरणांत दूरचित्रवाणीप्रमाणेच आडव्या ओळी एकाखाली एक आखून चित्र तयार होते. नळीकडे मूलतः तीनच गोष्टी जातात : प्रत्येक ठिकाणी उजेड किती ते सांगणारा संकेत, ओळ कोठे सुरू होते त्याची खूण, आणि संपूर्ण चित्र कोठे सुरू होते त्याची खूण. या तीन गोष्टी ज्याला समजतात असा कोणताही पडदा त्या नळीची जागा घेऊ शकतो.

टेक्ट्रॉनिक्सच्या टीडीएस ५०० व ७०० मालिकांतील काही रंगीत उपकरणांचे उदाहरण बोधप्रद आहे. त्यांतील नळी वस्तुतः एकरंगी असते आणि तिच्यापुढे द्रवस्फटिकांची एक झडप असते. नळी प्रत्येक रंगाचे चित्र पाठोपाठ काढते व झडप त्या त्या वेळी तोच रंग बाहेर सोडते. डोळा त्यांचे मिश्रण करतो. योजना चतुर आहे, पण झडप बराचसा प्रकाश अडविते आणि नळी वृद्ध झाली की चित्र काळवंडते. अशा वेळी मोजणारा भाग उत्तम चालू असूनही उपकरण निरुपयोगी वाटू लागते. येथे पडदा बदलणे केवळ क्षम्य नव्हे, तर योग्य आहे असे मी म्हणेन.

परंतु पेच काढण्यापूर्वी उपकरणाच्या मागे पाहावे. या मालिकांतील अनेक उपकरणांना मागील बाजूस संगणकाच्या पडद्याला जोडता येईल असे व्हीजीए पद्धतीचे मुख असते. तेथे एखादा जुना संगणकी पडदा जोडला की काम झाले. उपकरण उघडावे लागत नाही, धोका नाही, आणि वर्गातील शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यालाही चित्र दिसते. सर्वांत चांगली सुधारणा पुष्कळदा सर्वांत कमी कष्टाची असते.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे. १९८० च्या दशकातील आरंभीच्या काही अंकीय उपकरणांत अंक स्मृतीत असतात खरे, पण झोत पडद्यावर ओळी न आखता लेखणीप्रमाणे थेट रेषा ओढतो. तेथे ओळींच्या खुणाच नसल्यामुळे नवा पडदा सरळ जोडता येत नाही. हे काम अशक्य नाही, पण ते अनुभवी माणसाचे आहे. नवशिक्याने तेथून आरंभ करू नये.

अपेक्षा आणि वस्तुस्थिती

नवा पडदा बसविणाऱ्याची एक भाबडी समजूत अशी असते की, पडदा सूक्ष्म झाला की मोजमापही सूक्ष्म होईल. ही समजूत दूर केली पाहिजे. बहुतेक अंकीय दोलनदर्शक दाबाचे २५६ पायऱ्यांत माप घेतात. म्हणजे उभ्या दिशेच्या प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला सुमारे २५ ते ३२ पायऱ्या येतात. एका चौकोनाला १ व्होल्ट असे माप ठेवले, तर सुमारे ०.०३ ते ०.०४ व्होल्टपेक्षा लहान फरक त्या एका नमुन्यात उमटतच नाही. पडद्यावर हजार चित्रबिंदू असोत की दोन हजार, जे मोजले गेलेच नाही ते त्यावर दिसणार कसे? चष्म्याची काच पुसल्याने पुस्तकातील मजकूर वाढत नाही; असलेला मजकूर नीट वाचता येतो, इतकेच.

उलट, निष्काळजीपणे बसविलेला पडदा असलेले मापही बिघडवून दाखवितो. जुन्या पडद्यांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण सामान्यतः ४ ला ३ असे असते; आजचे पडदे अधिक रुंद असतात. चित्र ताणून त्यांवर बसविले की चौकोनाचे आयत होतात. आखणीही त्याबरोबरच ताणली जात असल्याने चौकोन मोजून काढलेले उत्तर चुकत नाही; पण डोळा फसतो. समान दाबाच्या व परस्परांत पाव आवर्तनाचे अंतर असलेल्या दोन लाटा उभ्या-आडव्या दिशांना दिल्या असता पडद्यावर वर्तुळ उमटते, हे भौतिकीचा विद्यार्थी शिकतो. ताणलेल्या पडद्यावर त्याला लंबवर्तुळ दिसेल आणि दोन दाब असमान आहेत असा निष्कर्ष तो काढील. यास्तव मूळ प्रमाण राखणारा पडदाच निवडावा, किंवा कडेला काळी पट्टी सोडावी.

दुसरी बाब चित्रबिंदूंची. मूळ चित्र ६४० गुणिले ४८० बिंदूंचे असेल आणि नवा पडदा ८०० गुणिले ६०० चा असेल, तर प्रत्येक बिंदूला सव्वा बिंदूची जागा मिळते. सव्वा बिंदू उजळता येत नाही. म्हणून बारीक रेषा कोठे एक बिंदू, कोठे दोन बिंदू जाड होते किंवा तिची कड पुसट होते. तिसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. नव्या पडद्याला लागणारा विद्युत् पुरवठा बहुधा अतिशीघ्र उघडझाप करणाऱ्या मंडलातून येतो, आणि त्याचा गोंगाट दोलनदर्शकाच्या संवेदनाक्षम विवर्धकात शिरू शकतो. मग उपकरण स्वतःच्याच पडद्याचा गोंगाट मोजीत बसते. याची परीक्षा सोपी आहे. बदलापूर्वी व बदलानंतर, आगमनमुख बंद ठेवून, सर्वांत संवेदनशील मापावर रेषा किती जाड दिसते त्याची नोंद करावी. तसेच उपकरणाच्या दर्शनी भागावर परीक्षेसाठी जी साधारण १ किलोहर्ट्झची चौकोनी लाट मिळते तिचे छायाचित्र दोन्ही वेळी घ्यावे. दोन्ही नोंदी जुळल्या तरच काम यशस्वी झाले असे समजावे.

नंतरच्या काळातील ज्या उपकरणांत मुळातच सपाट पडदा आहे, त्यांत पुष्कळदा पडदा शाबूत असतो आणि त्यामागील दिवा तेवढा मंदावलेला असतो. हा दिवा बारीक काचनळीचा असून त्याला काहीशे व्होल्टचा दाब लागतो व त्यात अल्प प्रमाणात पारा असतो. त्या जागी प्रकाशदायी डायोडांची, म्हणजे एलईडीची, पट्टी बसविता येते. प्रवाह मर्यादेत राखला आणि जुनी नळी न फोडता काढली, तर थोडक्या खर्चात उपकरणाला पुन्हा उजाळा मिळतो.

धोका कोणता

काचनळीच्या उपकरणात काही हजार व्होल्टचा दाब असतो. काहींत तो दहा हजार व्होल्टच्याही वर जातो. नळीच्या आत व बाहेर दिलेले वाहक लेप मिळून एक धारित्र तयार होते, आणि वीज बंद करून जोडणी काढल्यावरही त्यात विद्युत् भार टिकून राहू शकतो. बंद यंत्र म्हणजे निर्धोक यंत्र ही कल्पना येथे घातक आहे. दुसरा धोका निर्वाताचा. ८ गुणिले १० सेंटिमीटरच्या पडद्यावर बाहेरच्या हवेचा जो भार असतो तो सुमारे ८०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ८० किलोग्रॅम वजनाइतका असतो. नळीच्या मानेला धक्का लागून ती फुटली तर काच आत ओढली जाऊन मग चहूकडे उडते. तिसरा धोका सवयीचा आहे. दोलनदर्शकाच्या एषणीची एक तार उपकरणाच्या द्वारे जमिनीला जोडलेली असते. ही अडचण टाळण्यासाठी काही लोक तीन पिनांच्या गुडदीतील भूमीची जोडणी तोडतात. असे केल्याने उपकरणाची सारी धातूची पेटीच जिवंत होऊ शकते. हे कदापि करू नये.

म्हणून काचनळीचे उपकरण शाळेतील मुलांनी स्वतः उघडू नये, आणि जाणत्या माणसानेही एकट्याने उघडू नये. मुलांना काम द्यावयाचे तर नोंदी ठेवण्याचे, तुलना करण्याचे, संकेतांचा अर्थ लावण्याचे द्यावे. शास्त्राचा खरा भाग तोच होय.

“नवेच का घेऊ नये?”

हा आक्षेप रास्त आहे. आज साध्या किमतीचे नवे अंकीय उपकरण शालेय गरजेला पुरेसे असते आणि केवळ पैशांचा हिशेब मांडला तर पुष्कळदा नवे घेणेच परवडते. ज्याला उद्या सकाळी मोजमाप करावयाचे आहे त्याने नवे घ्यावे; त्यात कमीपणा नाही. परंतु ज्याला उपकरण कसे चालते हे शिकावयाचे आहे त्याचा हिशेब वेगळा आहे. १९४७ साली अमेरिकेतील हीथ कंपनीने महायुद्धानंतर शिल्लक उरलेल्या नळ्या वापरून घरी जोडावयाच्या दोलनदर्शकाचे सुटे भाग विकावयास आरंभ केला. ते जोडणाऱ्यांना दोलनदर्शक तर मिळालाच, परंतु त्याहून मोठा लाभ म्हणजे त्याचे अंतरंग कळले. आज पडदा बदलणाऱ्यालाही तोच लाभ मिळू शकतो, पण तो समजून बदलला तरच.

याच ठिकाणी उत्पादकांच्या कर्तव्याचाही विचार केला पाहिजे. पूर्वी अनेक दोलनदर्शकांसोबत संपूर्ण मंडलाचे आराखडे असलेली दुरुस्तीपुस्तिका मिळे. आज ती सहसा मिळत नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे प्रथम निवडण्यात आली. शाळा-महाविद्यालयांतील मोजमापाची उपकरणे त्यांत नव्हती. माझ्या मते त्यांचा हक्क तितकाच मोठा आहे. ज्या देशात एका उपकरणाभोवती दहा-दहा विद्यार्थी उभे राहतात, तेथे त्याचा पडदा गेला म्हणून ते अडगळीत जाणे ही दहा जणांच्या शिक्षणाची हानी होय.

आणि जे खरोखरच दुरुस्त होण्यासारखे नाही, त्याची विल्हेवाटही नीट लावली पाहिजे. नळीच्या काचेत शिसे असू शकते, दिव्यात पारा असतो. ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत. अशा वस्तू भंगारात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे पोहोचविणे हे आपले कर्तव्य आहे.

शाळांना व ग्रंथालयांना जोडलेल्या विज्ञानमंडळांना माझी सूचना एवढीच आहे. अडगळीतील दोलनदर्शक बाहेर काढा. चित्र रेषेने उमटते की ओळींनी, हे भिंगातून पाहा. मागे पडदा जोडण्याचे मुख आहे काय ते तपासा. पडदा मापक असेल तर त्याला हात लावू नका; तो विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनांचा झोत प्रत्यक्ष दाखविणारा गुरू आहे. पडदा निरोप्या असेल आणि जाणते हात जवळ असतील, तर तो अवश्य बदला, आणि बदलल्यावर जुन्या नोंदींशी ताडून पाहा. उपकरणाचे मोल त्याच्या झळाळीवर ठरत नाही. ते जे दाखविते ते खरे आहे की नाही यावरच ठरते.